हिरवा बेदाणा, पिवळा बेदाणा : एका नव्या मॉनिटरचं प्रकरण

माझी मावसबहीण सांगलीत विश्रामबागला राहते आणि घरूनच वेष्टनांची डिझाइनं करते. तिची गिऱ्हाइकं बहुतेक मार्केट यार्डाच्या आसपासची आणि तासगावकडची. कोणाचं हळद पावडरीचं पाऊच असतं, कोणाचा बेदाण्याचा बॉक्स, कधी गुळाच्या ढेपेवरचं लेबल. बरीच वर्षं तिनं एकाच जुन्या स्क्रीनवर काम काढलं. त्या स्क्रीनचे रंग फिके पडायला लागले तेव्हा तिनं साधारण वीस हजारांचा नवा मॉनिटर ऑनलाइन मागवला. २७ इंची, आयपीएस पॅनेल (एलसीडी पडद्याचा एक प्रकार), २५६० गुणिले १४४० पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक कण. परत देण्याची मुदत सात दिवस, आणि तीही बदलून घेण्यापुरती. पैसे परत मिळायचे तर बदली माल शिल्लक नसेल तेव्हाच.

स्टुडिओ आणि छापखान्यांना कॉम्प्युटर बसवून देणं, रंग जुळवून देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मॉनिटर घरी आला त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, वरच्या बाजूला हिरवा ठिपका आहे. पुसून जात नाही. परत करू का?"

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण असा फोन मला पुष्कळांचा येतो आणि जवळपास प्रत्येक जण तिच्यासारखाच ठिपक्यापाशी अडकलेला असतो. या मॉनिटरमध्ये एकूण तीन खोटी निघाल्या. त्यातली सगळ्यात आधी डोळ्यात भरलेली खोट सगळ्यात किरकोळ होती. जिच्यामुळे तो परत गेला, ती पहिल्या दिवशी कोणाला दिसलीच नव्हती.

ठिपका

घरात दोन पक्ष पडले होते. काकांची हयात अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेली. त्यांचं म्हणणं, "पंधरा किलोच्या बॉक्समध्ये एखादा काळा बेदाणा निघाला म्हणून कोण अख्खा बॉक्स परत करतं?" त्यावर बहीण म्हणाली, "बाबा, तो बेदाणा उचलून टाकता येतो. हा ठिपका कुठं उचलू?"

दोघांचंही खरं होतं, म्हणून आधी ठिपकाच नीट बघितला. २५६० गुणिले १४४० म्हणजे ३६,८६,४०० पिक्सेल. प्रत्येकात लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपपिक्सेल, म्हणजे एकूण १,१०,५९,२०० बारीक झडपा. प्रत्येक झडपेमागे एक ट्रान्झिस्टर असतो. तो द्रवस्फटिकाला वीज देतो आणि त्या विजेप्रमाणे मागचा उजेड कमी-जास्त बाहेर पडतो. आयपीएस पॅनेलमध्ये वीज नसताना झडप बंद असते. म्हणून ट्रान्झिस्टर पार मेला तर ठिपका काळा दिसतो आणि वीज देत राहायच्या अवस्थेत अडकला तर तो रंगीत पेटलेला राहतो. हिचा हिरवा उपपिक्सेल असा पेटून अडकला होता. २७ इंचात एका पिक्सेलची रुंदी ०.२३ मिलिमीटरच्या आसपास येते आणि उपपिक्सेल त्याच्या एक तृतीयांश.

तिला एकेक रंगाचं भरलेलं पान पूर्ण स्क्रीनवर लावायला सांगितलं. काळ्या पानावर ठिपका लांबूनही चमकत होता. लाल आणि निळ्या पानावर जवळून दिसत होता. पांढऱ्या पानावर मात्र तो गायब झाला, कारण पांढऱ्यासाठी हिरवा पेटलेलाच लागतो. पिवळ्या पानावरही तेच झालं, कारण पडद्यावरचा पिवळा लाल आणि हिरवा मिळूनच होतो. मग तिनं स्वतःची चालू कामं एकामागून एक उघडली. हळदीचं पाऊच, क्रीम रंगाचं लेबल, बेदाण्याचा फोटो. ठिपका कुठे आहे ते माहीत असूनही तिला शोधावा लागत होता. तो दिसायचा सिनेमातल्या अंधाऱ्या प्रसंगात, आणि तिचं डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडताना जो काळा पडदा येतो त्यावर.

कंपन्या अशा ठिपक्यांचा हिशोब कसा करतात, हेही खरेदी करणाऱ्याला माहीत असायला हवं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २००१ सालच्या १३४०६-२ या मानकात पॅनेलचे वर्ग ठरवून दिले होते. त्यातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले आणि दोन कायम काळे पिक्सेल, शिवाय पाच बिघडलेले उपपिक्सेल चालतात. हिच्या स्क्रीनला ते माप लावलं तर अठरा बिघडलेले उपपिक्सेलसुद्धा बसतात. २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१ मालिकेतल्या ३०७ क्रमांकाच्या भागानं घेतली. आज प्रत्येक कंपनी स्वतःचा पिक्सेल नियम छापते आणि काही कंपन्या काही मॉडेलांना एकही पेटलेला ठिपका चालणार नाही असं लिहूनही देतात. पण बहुतेकांच्या नियमात एका ठिपक्यावर वॉरंटीतून स्क्रीन बदलून मिळत नाही. म्हणून ठिपक्याचा निर्णय सात दिवसांतच घ्यावा लागतो. तोवर गाठ विक्रेत्याशी असते, नंतर कंपनीच्या नियमाशी.

ठिपका जावा म्हणून भराभर रंग बदलणारं चित्र त्या जागेवर काही तास चालवून बघता येतं. कधी अडकलेला ठिपका सुटतो, कधी नाही. तिनं रात्रभर चालवलं, सुटला नाही. बोटानं दाबून बघायचा उपाय लोक सांगतात, तो मी कधीच करू देत नाही. दाबानं शेजारचे पिक्सेल गेले तर तो आपला दोष ठरतो आणि बदलीचा हक्कही जातो.

कोपऱ्यातला उजेड

दुसरी खोट तिनं रात्री खोलीतला दिवा बंद करून शोधली. काळ्या पानावर खाली डावीकडे धुरकट उजेड दिसत होता. फोनवर काढलेल्या फोटोत तर कोपरा पेटल्यासारखा दिसत होता आणि तो फोटो बघून मावशीसुद्धा घाबरली.

यावर फार वेळ घालवला नाही. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्यातल्या उजेडाचं प्रमाण, साधारण हजारास एक असतो, म्हणून अंधारात त्याचा काळा करडाच दिसतो. कोपऱ्यातली चमक बघणाऱ्याच्या जागेप्रमाणे हलते का, हे बघायचं. डोकं सरकवलं, मागे जाऊन उभं राहिलं आणि चमक बदलली, तर तो पॅनेलच्या जातीचा गुण आहे. बदलून आणलेल्या स्क्रीनमध्येही तो असणारच. चमक एकाच जागी ठाम राहिली तर चौकटीतून उजेड झिरपतोय. हिची चमक हलत होती. फोटोत ती भडक दिसली, कारण अंधारात फोनचा कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो. अंधाऱ्या खोलीतलं काळं पान ही मॉनिटरची सगळ्यात जास्त केली जाणारी परीक्षा आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दिशाभूल करणारी. दिवसा उजेडात लेबलं करणाऱ्या माणसाला तिचा उपयोग नाही.

उजवी कड

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो तो रंग जुळवायला. करड्या रंगाचं कोरं पान लावलं आणि मागे सरकून बघितलं, तेव्हा उजवीकडचा साधारण पाचवा हिस्सा पिवळसर वाटला. वाटला म्हणतो, कारण लगेच खात्री धरता येत नाही. खिडकी उजवीकडे होती आणि खिडकीचा पडदा केशरी होता. म्हणून टेबल फिरवून समोरच्या भिंतीला लावलं. रात्रीचा पिवळा उजेड देणारी सेटिंग बंद असल्याची खात्री केली, वीज वाचवणारी आणि कॉन्ट्रास्ट आपोआप बदलणारी सेटिंगही बंद केली. स्क्रीन अर्धा तास तापू दिला. केबल बदलून पाहिली. पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन तिच्या जुन्या स्क्रीनवर उघडला, तर तिथे करडा रंग सगळीकडे सारखा होता. म्हणजे कॉम्प्युटर आणि ग्राफिक्स कार्ड निर्दोष होती, खोट पॅनेलमध्येच होती.

ती कुठून येते हे थोडक्यात सांगतो. पडद्यामागचे पांढरे एलईडी मुळात निळे असतात. त्यांच्यावरचा पिवळा फॉस्फर काही निळा उजेड पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिळून पांढरा होतो. हे एलईडी कडेला ओळीनं बसवलेले असतात आणि एक पारदर्शक पत्रा त्यांचा उजेड सगळ्या पडद्यावर पसरवतो. एलईडींच्या छटेत फरक राहिला, पसरवणारे थर नीट बसले नाहीत किंवा द्रवस्फटिकाच्या थराची जाडी कुठे कमी-जास्त झाली, की एक बाजू पिवळी पडते. असा फरक थोडाफार प्रत्येक पडद्यात असतो. प्रश्न असतो किती, आणि कोणाच्या कामात.

याचं उत्तर काकांनी दिलं, तेही नकळत. बहिणीनं हिरव्या बेदाण्याचा एकच फोटो दोनदा शेजारी लावला होता, एक पार डावीकडे, एक पार उजवीकडे. काका चहा घेऊन आत आले, मागे उभे राहिले आणि म्हणाले, "हे दोन वेगळे माल आहेत की. डावा हिरवा आहे, उजवा पिवळ्यात गेलाय." एकच फोटो आहे असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि मत बदललं नाही.

ज्यांनी बेदाण्याचे सौदे बघितलेत त्यांना यातली गोम लगेच कळेल. हिरवा आणि पिवळा बेदाणा हे वेगळे माल आहेत, रंगावर प्रत ठरते आणि प्रतीवर दर. बॉक्सवरचा फोटो आतल्या मालापेक्षा पिवळा छापला तर व्यापारी तो बॉक्स उचलणार नाही. फोटो जास्तच हिरवा छापला आणि आतला माल तसा निघाला नाही, तर गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही. गर्द हळदी रंगात ही खोट कमी जाणवत होती, कारण त्यात निळा मुळातच थोडा असतो. पण क्रीम, पांढरा, करडा, बेदाण्याचा फिकट हिरवा, हे सगळे रंग त्या कडेला गेले की फिरत होते.

मॉनिटर ठेवावा या बाजूनं एक चांगला मुद्दा होता आणि तो तिनंच काढला. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये साधनांच्या पट्ट्या उजवीकडे असतात. पिवळा हिस्सा त्यांच्याखाली झाकला जाईल, चित्र मधोमध राहील, मग अडचण कुठे? आम्ही तसं लावून बघितलं. अडचण अशी निघाली की रंगांचे नमुनेसुद्धा त्याच पट्टीत होते. ती रंग निवडणार पिवळ्या हिश्श्यात आणि लावणार चांगल्या हिश्श्यात. पट्ट्या डावीकडे नेता येतात, पण इतक्या वर्षांची हाताची सवय मोडायची आणि २७ इंचांचे पैसे देऊन २३ इंचांवर काम करायचं, हे मला पटलं नाही.

"तुझ्या त्या रंग मोजायच्या यंत्रानं दुरुस्त होणार नाही का?" असंही तिनं विचारलं. होत नाही. ते यंत्र पडद्याच्या मधोमध ठेवून मोजतात आणि त्यावरून तयार होणारी दुरुस्ती सगळ्या पडद्याला एकसारखी लागते. मधला भाग अचूक झाला तरी उजवी कड त्याच्या तुलनेत तितकीच पिवळी राहते. महागड्या व्यावसायिक मॉनिटरांत पडद्याच्या भागाभागाला वेगळी दुरुस्ती लावायची सोय असते, बदल्यात थोडा उजेड आणि कॉन्ट्रास्ट जातो. वीस हजारांच्या मॉनिटरमध्ये ती सोय नव्हती.

चुकीची किंमतही डोळ्यांसमोर होती. पाऊचची मोठी छपाई ग्रॅव्ह्युअर पद्धतीनं होते आणि त्यात प्रत्येक रंगाचं एकेक सिलिंडर कोरून घ्यावं लागतं. कोरल्यावर रंग चुकला असं कळलं, तर नुसत्या सिलिंडरांचा खर्च मॉनिटरच्या किमतीशी स्पर्धा करतो. कागदावर नमुना काढून बघणं हा उपाय आहेच आणि ती तो करतेही. पण पडद्यावर विश्वासच ठेवायचा नसेल तर प्रत्येक बदलाला नमुना काढावा लागेल.

त्यामुळे मॉनिटर परत करायचा हे ठरलं, आणि कारण लिहायचं उजव्या कडेचं.

तक्रार कशी लिहिली

इथे जरा रेंगाळतो, कारण पुष्कळ जणांची बाजू खरी असून ती याच टप्प्यावर पडते. तिनं आधी लिहिलेल्या मजकुरात पहिलं वाक्य ठिपक्याचं होतं. ते मी खाली नेलं. ठिपका पहिला लिहिला की विक्रेत्याकडून तपासायला येणारा माणूस पिक्सेलचा नियम काढतो, एक ठिपका नियमात बसतो असं सांगतो आणि बाकीचं ऐकून घेत नाही. नव्या मजकुरात पहिलं वाक्य असं झालं : पडद्याच्या उजव्या पाचव्या हिश्श्याला पिवळी छटा आहे, जागा आणि केबल बदलूनही ती तशीच राहते. ठिपका दुसऱ्या वाक्यात, रंग आणि जागेसह. कोपऱ्यातल्या चमकेचा उल्लेखच नाही. जो मुद्दा टिकणार नाही तो लिहिला की टिकणारे मुद्देही पातळ होतात.

फोटो काढताना फोनच्या कॅमेऱ्यात उजेड आणि पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) दोन्ही कायम करून ठेवले. नाहीतर कॅमेरा पिवळी छटा आपणहून दुरुस्त करतो आणि पुरावाच पुसला जातो. करड्या पानाचा एक सबंध फोटो, आणि त्याच फोटोतून कापलेले डावा व उजवा असे दोन तुकडे शेजारी शेजारी. हे दोन तुकडे बघितल्यावर कोणालाही समजावून सांगायची गरज राहत नाही.

कायद्याची बाजूही तिला सांगून ठेवली, भांडायला नव्हे, तर पाय कुठे टेकलेत ते कळावं म्हणून. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांतही सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. काकांना शंका होती की मॉनिटर धंद्यासाठी घेतला, मग ही ग्राहक कशी? तिचं उत्तर कायद्यातच आहे. स्वतःच्या स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी, फक्त तेवढ्याचसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. शिवाय बिल तिच्या स्वतःच्या नावावर होतं. विक्रेता कुठल्याही शहरातला असो, आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. नुसत्या एका ठिपक्यासाठी आयोगाची पायरी चढ, असं मी कोणाला सांगणार नाही. पिवळ्या कडेसाठी सांगितलं असतं.

तशी वेळ आली नाही. तपासायला आलेल्या मुलानं अपेक्षेप्रमाणे आधी ठिपक्याकडे बघितलं आणि "हे नियमात बसतं" म्हणाला. बहिणीनं वाद घातला नाही. करडं पान लावलं, मग बेदाण्याचे दोन फोटो. त्यानं स्वतःच टेबलाभोवती फिरून दोन्ही बाजूंनी बघितलं, आपल्या फोनवर फोटो काढला आणि अहवालात रंग असमान असल्याचं लिहिलं. बदली मंजूर झाली.

मधल्या काळात एक वाट बाकी होती : पैसे परत मिळतायत का बघायचं आणि सांगलीतल्याच दुकानातून घ्यायचा. ओळखीच्या दुकानात तोच मॉनिटर थोडा महाग होता, पण दुकानदार बॉक्स फोडून काउंटरवर लावून दाखवायला तयार होता. रंगाचं काम करणाऱ्यांना मी हीच वाट सुचवतो. वरचे पैसे हे आधी बघून घेण्याचे पैसे आहेत. पण विक्रेता पैसे परत द्यायला तयार नव्हता आणि बदली मॉनिटर यायच्या आधीच तो नको म्हणण्यात अर्थ नव्हता.

दुसरा मॉनिटर

बदलून आलेला स्क्रीनही निर्दोष नव्हता. मॉनिटर बदलताना ही जोखीम नेहमीच घ्यावी लागते. पहिल्याची खोट जाते, पण दुसऱ्याची कोणती येईल ते बॉक्स उघडेपर्यंत कळत नाही. म्हणून किरकोळ खोटीसाठी बदली मागू नये, असं माझं मत आहे. हातात असलेला मॉनिटर चांगला आहे हे माहीत असताना सोडतीत उतरायचं कशाला?

या खेपेस तिनं मला न बोलावता सगळं तपासलं. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढला, अर्धा तास तापू दिला, पांढरं, करडं आणि काळं पान लावलं. करडा रंग डावीकडून उजवीकडे सारखा होता. खालच्या कडेची चमक आधीइतकीच. आणि तळाशी, घड्याळ दिसतं त्या पट्टीच्या जरा वर, एक काळा ठिपका. तो पांढऱ्यावर दिसतो, म्हणजे तिच्या कामात आधीच्या हिरव्या ठिपक्यापेक्षा जास्तच दिसणार. मी फोनवर विचारलं, "मग?"

"बेदाणा दोन्हीकडं हिरवा दिसतोय," ती म्हणाली. "ठेवतेय."

माझंही तेच मत होतं. काळा ठिपका चित्राच्या जागेबाहेर होता, रंग ठरवताना त्याची लुडबुड नव्हती, आणि त्याच्यासाठी एकसारखा रंग देणारा पडदा हातचा घालवणं तोट्याचं झालं असतं. सात दिवस उलटायच्या आत तिनं रोजचं काम त्यावर चालवून बघितलं, मग मी रंग जुळवून दिले.

काळ्या ठिपक्याचा फोटो फूटपट्टी शेजारी धरून काढला आहे, तारखेसह, आणि तो बिलाच्या फोटोबरोबर ठेवला आहे. कंपनीच्या वेबसाइटवर मॉनिटरची नोंद केली, तेव्हा वॉरंटी तीन वर्षांची असल्याचं आणि त्या कंपनीचा ठिपक्यांचा हिशोब काय आहे ते तिनं वाचून काढलं. पुढे आणखी ठिपके आले तर मोजणी एकापासून सुरू आहे, हे दाखवायला तो फोटो लागेल. बॉक्स आणि थर्माकोल माळ्यावर आहेत. मावशीला ती जागा हवी होती, पण वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर तोच बॉक्स लागेल म्हणून तीन वर्षं तो तिथेच राहणार आहे.